स्वीडनचा दाखला आणि घाटंजीची शाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका ग्रामसभेत यंदा जिल्हा परिषदेच्या शाळेला टॅब घ्यायचे की नाही, यावरून दोन तट पडले. घ्या म्हणणाऱ्यांची भीती पटसंख्येची आहे. कॉन्व्हेंटची गाडी रोज सकाळी गावात येते आणि चार पोरं घेऊन जाते. राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या जवळपास १५ हजार शाळांच्या जागी 'समूह शाळा' करण्याची चर्चा २०२३ मध्ये निघाली, तेव्हापासून ती भीती गेलेली नाही. शाळेत टॅब आहेत म्हटलं तर पोरं टिकतील, असं त्यांना वाटतं. नको म्हणणाऱ्यांनी या वेळी थेट स्वीडनचा दाखला दिला. 'एवढ्या पुढारलेल्या देशानं स्क्रीन बाजूला ठेवून पुन्हा पुस्तकं हातात घेतली, मग आपण उलटं कशाला जायचं?'

माझं माहेर त्याच तालुक्यातलं. मी स्वीडनमध्ये उप्सालाला राहते आणि माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत शिकते. त्यामुळे हा दाखला कानाआड करणं मला जमत नाही. तो अर्धा खरा आहे. जो अर्धा भाग कुणी सांगत नाही, तोच आपल्या उपयोगाचा आहे.

आधी खरा भाग. स्वीडननं २०१९ पासून बालवाड्यांच्या अभ्यासक्रमातही डिजिटल साधनांचा वापर बंधनकारक केला होता. पुढं चौथीच्या मुलांच्या 'पर्ल्स' या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत देशाची सरासरी २०१६ मधल्या ५५५ वरून २०२१ मध्ये ५४४ वर आली आणि इथं खळबळ उडाली. करोलिन्स्का या वैद्यकीय संस्थेच्या तज्ज्ञांनी डिजिटल धोरणावर टीका केली. तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री लोट्टा एडहोम यांनी ते धोरण फिरवलं आणि २०२३ मध्ये सरकारनं पाठ्यपुस्तकांसाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनर दिले. हे सगळं घडलं, आणि माझ्या मते योग्यच घडलं.

पण त्या चाचणीची मधली रेघ ५०० ची आहे. म्हणजे घसरलेली स्वीडिश मुलंसुद्धा तिच्या बरीच वर होती. ज्या शाळांत ग्रंथालय आहे, वीज कधी जात नाही आणि प्रत्येक मुलाच्या नावाचं यंत्र आहे, त्या शाळांनी एका पारड्यातलं वजन दुसऱ्या पारड्यात टाकलं. आमच्या गावच्या शाळेची दोन्ही पारडी रिकामी आहेत. ग्रंथालय म्हणजे कपाटातली एक पेटी. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या दिवसांत लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही भिंतीवर आहे, पण तो बंद पडला तेव्हा दुरुस्तीला कुणी आलं नाही. पुस्तकांकडं परत फिरायला आधी पुस्तकं तरी आलेली असावी लागतात.

आता न सांगितलेला भाग. आर्ने त्रागेटॉन या नॉर्वेच्या शिक्षणतज्ज्ञानं एक पद्धत मांडली. पहिलीच्या मुलांनी दोघादोघांच्या जोडीनं संगणकावर स्वतःचा मजकूर लिहायचा आणि लिहितालिहिता वाचायला शिकायचं. हस्ताक्षराचे धडे दुसरीपासून. स्टॉकहोमजवळच्या सोलेन्तुना नगरपालिकेनं या वाटेनं जाऊन आपली पद्धत बसवली. मुलं लिहितात, एकमेकांचं वाचतात, त्यावर बोलतात, पुन्हा लिहितात. अनिका आगेली गेनलॉट आणि ओके ग्रोनलुंड यांनी तिसरीच्या वर्गांची तुलना करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. ही पद्धत वापरणारे वर्ग सगळ्यांत पुढं होते. संगणक होते पण पद्धत नव्हती, असे वर्ग मात्र संगणक न वापरणाऱ्या वर्गांच्याही मागं पडले.

हे शेवटचं वाक्य ग्रामसभेतल्या दोन्ही तटांनी ऐकावं असं मला मनापासून वाटतं. नुसते टॅब आणून ठेवले तर मुलांचं नुकसान होऊ शकतं. तेच टॅब लिहिण्यासाठी, जोडीनं आणि गुरुजींच्या हाताखाली वापरले तर मूल कुठल्या कुठं जातं.

यवतमाळात चार जणांचा एक गट हेच काम करतोय. दोन प्रोग्रामर, एक सेवानिवृत्त शिक्षिका, एक चित्रकार. मी त्यांना दरमहा थोडे पैसे देते, ते आधीच सांगितलेलं बरं. तालुक्यातल्या काही द्विशिक्षकी शाळांत त्यांचे खेळ आणि लेखनाचं एक साधन चालतं. इंटरनेट लागत नाही. शाळेतला एक छोटा संगणक स्वतःचं वायफाय तयार करतो आणि टॅब त्याला जोडले जातात. सगळं सौर पॅनेलवर चालतं, कारण बिल थकलं म्हणून शाळेची वीज कापली जाणं आमच्याकडं नवीन नाही. त्यांचा कामाचा वृत्तान्त मला नियमित येतो आणि तो मी शब्दन्शब्द वाचते.

खेळांत त्यांची प्रगती झपाट्याची आहे. आठवडी बाजाराचा खेळ सगळ्यांत जमलाय. भाजीवाली भाव सांगते, मूल नोटा आणि नाणी मोजून देते, उरलेले परत घेते. संख्यारेषेवर उड्या मारण्याचा खेळ आहे, बाराखडीच्या जोड्या लावण्याचा आहे. द्विशिक्षकी शाळेत याचं मोल मोठं आहे. एक गुरुजी मतदारयादीच्या नाहीतर कसल्या तरी माहितीच्या कामावर गेले, की दुसऱ्यांना पहिली ते चौथी एका खोलीत सांभाळावी लागते. चौथीला भागाकार शिकवताना पहिली बाजाराच्या खेळात रमली, तर वर्ग चालतो. माझा मामेभाऊ अशाच एका शाळेवर आहे. तो फोनवर म्हणाला, "ताई, खेळाले बसवा लागत नाही, पोरं आपोआप बसतात. लिवाले बसवा लागते."

माझा गटाशी मतभेद आहे तो इथंच. खेळ दाखवता येतो. देणगीदार आले, केंद्रप्रमुख आले, की पोरं टॅबवर बोटं चालवताना दिसतात आणि फोटो चांगला येतो. लेखनाच्या साधनाचा फोटो येत नाही. दोन मुलं डोक्याला डोकं लावून पाच मिनिटं एका वाक्यावर अडलेली दिसतात, एवढंच. पण बाजाराच्या खेळात उत्तर गटानं आधीच ठरवलेलं असतं, मुलाला ते फक्त गाठायचं असतं. कोऱ्या पानावर काय लिहायचं हे मूल ठरवतं. सोलेन्तुनात फरक पडला तो या दुसऱ्या कामानं. म्हणून गटाचा अर्ध्याहून जास्त वेळ लेखनाच्या साधनावर जायला हवा, असं मी त्यांना कळवलं आहे.

हे साधन हळू पुढं सरकतंय यात त्यांचा दोष नाही. देवनागरीसाठी असं काही करायला बसलं, की तयार मिळणारं बरंचसं सामान कामाला येत नाही. शब्दातली अक्षरं मोजण्यासारखी साधी गोष्ट घ्या. पहिलीतल्या मुलासाठी 'विदर्भ'मध्ये तीन अक्षरं आहेत: वि, द, र्भ. संगणकाच्या पोटात मात्र सहा खुणा साठवलेल्या असतात: व, वेलांटी, द, र, हलन्त, भ. युनिकोड म्हणजे संगणकातल्या अक्षरांचं जागतिक मानक. त्याच्या मजकूर तोडण्याच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याची तरतूद आली ती २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. त्यामुळे जुन्या टॅबवर हा हिशेब गटाला स्वतःच करावा लागला. खोडण्याचंही तसंच. 'र्भ' खोडायला बटण दाबलं, की भ जातो आणि पाय मोडलेला र उरतो. सात वर्षांच्या मुलाला ते कळत नाही, ते सगळंच पुसून टाकतं. गटानं पहिली-दुसरीसाठी एका दाबात पूर्ण अक्षर खोडलं जाईल असं केलं, आणि तिसरीपासून मात्रा, वेलांटी सुटी खोडता येईल असं ठेवलं. मला हा निर्णय फार आवडला. तो वर्गात बसून घेतलेला आहे.

अक्षराच्या रूपाचा प्रश्नही तितकाच त्रासाचा. २०२२ च्या शासन निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल ही मराठीची रूपं नक्की केली आहेत आणि पुस्तकात मुलाला तीच दिसायला हवीत. टॅबवर भाषा मराठी म्हणून नोंदलेली नसेल, तर बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा श आणि ल दाखवतात. मोठ्यांच्या नजरेत हे येतही नाही. पहिलीतलं मूल मात्र विचारतं की हे कुठलं अक्षर.

कळ दाबली की अक्षराचा उच्चार ऐकू येतो. त्यासाठी गटातल्या बाईंनी सगळी बाराखडी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली. पूर्ण वाक्य वाचून दाखवायला यंत्राचा आवाज आहे, तो अजून कोरडा वाटतो. पुढचा शब्द सुचवण्याची सोय त्यांनी मुद्दाम ठेवलेली नाही. एआय घाला, निबंध आपोआप तपासून मिळतील, असा आग्रह काही देणगीदार धरतात. मुलाचं वाक्य यंत्रानं पुरं करायचं असेल, तर मुलाला शाळेत बोलावण्याचं कारण उरत नाही. गटानं या आग्रहाला नमू नये.

सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय लाल रेघेचा. दुसरीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'माह्या मायनं मले कापूस वेचाले नेलं.' मोठ्यांसाठीचं कुठलंही लेखन-तपासनीस या वाक्याखाली तीन ठिकाणी तरी लाल रेघ ओढेल. वाक्य पूर्ण आहे, खरं आहे, आणि दिवाळीनंतर हजेरी का रोडावते याचं उत्तरही त्यात आहे. गटाच्या साधनात पहिल्या लेखनाला लाल रेघ नाही. प्रमाण मराठी दुसऱ्या फेरीत येते, गुरुजींसोबत, आणि पहिलं वाक्य पुसलं जात नाही, शेजारी राहतं. वऱ्हाडी मुलाची मराठी चुकीची आहे, असं पहिल्याच दिवशी यंत्राकडून कळलं तर ते मूल पुढं कमी लिहिणार. प्रमाणभाषा त्याला यायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आधी त्याच्याकडं सांगण्यासारखं आहे, हे त्याला कळलं पाहिजे.

कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या मुलांचा प्रश्न याहून अवघड. त्यांची घरची भाषा कोलामी, म्हणजे तेलुगू-गोंडीच्या कुळातली. मराठी त्यांना शाळेतच भेटते. स्वीडनमध्ये एका नगरपालिकेत किमान पाच मुलं असतील आणि योग्य शिक्षक मिळत असेल, तर घरच्या भाषेचे तास द्यावे लागतात. माझ्या मुलीला परक्या देशात मराठीचा तास मागता येतो आणि घाटंजीच्या पोडावर पहिलीतल्या मुलाला स्वतःच्या भाषेत एक गोष्ट लिहिता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली, पुढं तिच्या मान्यतेवरून वाद उभा राहिला. हिंदी पहिलीपासून असावी की नसावी, यावर २०२५ मध्ये राज्य ढवळून निघालं, शासन निर्णय निघाले आणि मागंही घेतले गेले. त्या गदारोळात कोलामी, गोंडी, कोरकू यांच्यासाठी आवाज फार क्षीण होता. गटानं आता आवाज रेकॉर्ड करण्याचं बटण दिलंय. मूल आधी कोलामीत सांगतं, मग ते देवनागरीत उतरवतं. पोडावरची शिकलेली एक तरुण मुलगी त्याला मदत करते. सुरुवात छोटी आहे, पण दिशा बरोबर आहे.

टॅबविरोधकांनी ग्रामसभेत गांधीजींच्या नई तालीमचंही नाव घेतलं. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये तिच्यासाठी शिक्षण परिषद झाली, तेव्हा आपल्याच भागातून देशाला एक विचार मिळाला, म्हणून त्या नावाला आमच्याकडं वजन आहे. पण तिचा गाभा मुलानं स्वतःच्या हातानं काहीतरी उपयोगाचं घडवावं आणि त्यातून शिकावं, हा होता. चारपैकी एक पर्याय निवडायला लावणारा खेळ या कसोटीला उतरत नाही. दोन मुलांनी मिळून लिहिलेलं, वर्गानं वाचलेलं, छापून गावात फिरलेलं पान उतरतं. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्स काढून मुलांच्या गोष्टींची पुस्तिका करणं महाग नाही, आणि गावच्या शाळेत पुस्तकं येण्याची ती एक खात्रीची वाट आहे.

तेव्हा येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय पुन्हा निघेल, तेव्हा 'टॅब खरेदी' अशी एकच ओळ ठरावात घालू नका, ही माझी विनंती आहे. दोन मुलांत एक टॅब पुरतो, म्हणून मागणी निम्मी करा. वाचलेल्या पैशातून दरवर्षी बॅटऱ्या बदलण्याची आणि दुरुस्तीची रक्कम बाजूला काढा, कारण आमच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतल्या बॅटऱ्या फार टिकत नाहीत. पोडावर मदत करणाऱ्या मुलीला मानधन द्या, वर्षभराचं, दोन महिन्यांचं नव्हे. छपाईसाठी काही रक्कम वेगळी लिहा. गोष्टींच्या पुस्तकांची खरेदीही त्याच ठरावात बसवा, कारण जे मूल लिहितंय त्याला वाचायलाही हवं. आणि यवतमाळच्या गटाला बोलावून विचारा की नवा खेळ देण्याआधी लेखनाचं साधन चौथीपर्यंत कधी नेणार. हाच प्रश्न मी त्यांना विचारला आहे. त्यांचं उत्तर आलं की वर्षभर दोन पगारांची हमी मिळाली तर पुढच्या जूनपर्यंत. तेवढी रक्कम एका गावाला झेपणारी नाही. पण पंचायत समितीच्या पाच-सहा गावांनी मिळून ठरवलं तर झेपेल, आणि माझा वाटा मी दुप्पट करते आहे.