एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: चुंबक चिकटलं म्हणून चाकू खोटा ठरत नाही

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला, फोटो पण मोठे करून बघितले. तुम्ही लिहिलंय की १८० रुपयांचा मिटणारा चाकू स्टेनलेस म्हणून दिला पण त्याला लोहचुंबक चिकटतं म्हणजे साधं लोखंड आहे, महिन्याभरात पात्यावर तांबडे ठिपके आले, बाजारात धार लावून आणली तरी दोन दिवसांत बोथट, आणि शेवटी "देशी माल असाच, त्यापेक्षा चायनाचा घ्या". स्टार किती द्यायचे ते तुमचं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण हे वाचून उद्या कोणीतरी चांगला चाकू खाली ठेवेल आणि वाईट उचलून नेईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चुंबकाचं, कारण मालवणात दुकानावर येणारी निम्मी माणसं हेच विचारतात, "ह्येका चुंबक चिकटता, मगे ह्या स्टील कसला?" घरातल्या चांगल्या ताटा-वाट्यांना चुंबक चिकटत नाही ते बरोबर आहे, ते बहुतेक ३०४ नंबरचं स्टील, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते गंजायला लवकर तयार होत नाही पण कितीही तापवून बुडवा, कडक होत नाही, त्याचा चाकू केला तर धार राहणारच नाही. चाकूचं स्टेनलेस वेगळं असतं, ४२० वगैरे, क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळपास नाहीच, आणि त्यात कार्बन असतो म्हणून त्याला पाणी देता येतं, म्हणजे तापवून बुडवून कडक करता येतं. अशा स्टीलला चुंबक चिकटतंच. चिकटलं नसतं तर उलट मीच ते पातं परत पाठवलं असतं. चुंबकाचा खरा उपयोग भट्टीपाशी, पोलाद साधारण ७७० डिग्रीला पोचलं की त्याला चुंबक चिकटेनासं होतं, तिथून अजून थोडं तापवून मग तेलात बुडवायचं हे कोयते करणाऱ्या लोहाराला पक्कं माहीत असतं.

आता ठिपके. तुमच्याच फोटोत चाकू होडीच्या फळीवर आहे, बाजूला बांगडे आहेत, पात्यावर पाणी सुकलेलं दिसतंय. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तो खारं पाणी बारीक बारीक जागी फोडतं आणि तिथून गंज आत जातो. १८० रुपयांच्या पात्यात समुद्रावर टिकेल एवढं क्रोमियम नसतं, ते देशी असो की बाहेरचं. मासळी कापली की गोड्या पाण्याने धुवायचा, उघडा ठेवून पुसायचा, पात्यावर खोबरेलचं बोट फिरवायचं, आणि सांध्यात मात्र शिलाई मशीनचं तेल एक थेंब, खोबरेल तिथे साठून चिकट होतं. कैरी किंवा कोकम कापून तसाच मिटलात तरी हेच होणार. पावसात तर ओला चाकू खिशात ठेवूच नका. आणि एक, या चाकवाला लॉक नाही, नुसती पाठीमागची स्प्रिंग आहे, त्याने कालवं उघडू नका, पातं बोटांवर मिटेल.

धारेचं मला जास्त लागलं म्हणून ते नीट सांगतो. तुमचा तिसरा फोटो बघा, टोकापाशी निळसर झाक आहे. विकताना ती नव्हती, असा तुकडा मी ठेवतच नाही. ती ग्राइंडरची आहे. सुक्या चाकावर दाबून धरलं की पातळ धार क्षणात तापते, रंग बदलला की त्या जागचं पाणी उतरलं समजा, मग कितीही घासा, धार पडणारच. एवढ्या लहान चाकवाला ग्राइंडर लावायचाच नसतो, पाण्याचा दगड घ्यायचा, पातं अंदाजे वीस अंशात धरायचं आणि दोन्ही बाजूंनी सारखं हलक्या हाताने ओढायचं.

देशी माल असाच असतो हे मात्र मला मान्य नाही. कच्छातल्या अंजारचे चाकू-सुडे (सुडे म्हणजे अडकित्ते), रामपूरचे चाकू, मेरठच्या कात्र्या, ही पिढ्यान्‌पिढ्या धारेची कामं करणारी गावं आहेत. चायनाचेही चांगले चाकू येतात. पण या किमतीत कोणीही बनवला तरी पैसे वाचवायचे ते पाणी देण्यात आणि शेवटच्या घासकामात वाचवतात, म्हणून एकाच खोक्यातले दोन चाकू सारखे निघत नाहीत, हा स्वस्त चाकवाचा खरा दोष आहे आणि तो मी दुकानात सगळ्यांना सांगतो. छाप बघून काही कळत नाही, हातातला तुकडा बघावा लागतो. उघडताना स्प्रिंगने शेवटपर्यंत जोर धरला पाहिजे आणि टक करून बसली पाहिजे. उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून बघा, जाणवेल इतकं हललं तर ठेवून द्या. उजेडासमोर धरा, स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्यांमधून किती उजेड येतो ते दिसतं, जितका कमी तितकं चांगलं. मिटल्यावर टोक मुठीच्या आत पूर्ण गेलं पाहिजे, नाहीतर खिसा फाडतं, मांडी पण. डोळ्यासमोर धरून धारेची रेघ सरळ आहे का बघा. आणि कागद कापून खूश होऊ नका, नवीन असताना धारेवर जी पातळ कच, म्हणजे घासताना निघालेला धातूचा पापुद्रा, राहिलेली असते ती पण कागद कापते. काथ्याची दोरी आठ-दहा वेळा कापा, मग कागद घ्या. माझ्याकडे कानस पण असते, पाठीच्या बाजूला सांध्याजवळ हलकेच फिरवून दाखवतो, कानस घसरली तर पातं कडक, चावली तर मऊ. कोणी मागितलं तर लगेच दाखवतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पॉलिश बघून घेऊ नका एवढी मात्र हात जोडून विनंती, आरशासारखं चकचकीत पातं आतून मऊ असू शकतं आणि पॉलिशमुळे घासलेल्या खुणा पण दिसत नाहीत.

तुमचा चाकू घेऊन या. निळा झालेला भाग दगडावर घासून काढतो, टोक थोडं आखूड होईल, पण खालचं चांगलं पोलाद लागलं की धार राहील, ठिपके पण बरेचसे जातील. त्याचे पैसे नाहीत. तुमच्यासमोर काथ्या कापून बघू, तरी बोथट झाला तर मऊ तुकडा म्हणून बदलून देतो, तेव्हा खोक्यातला दुसरा तुम्ही स्वतः निवडा. दुपारी जेवणाच्या वेळेला दुकान बंद असतं, सकाळी किंवा चारनंतर या.