भाव वळले सप्टेंबरात, आणीबाणी लागली पुढच्या जूनमध्ये

दर जूनला ही पोस्ट हिंडते. यंदा जरा नटूनथटून आली आहे. वर इंदिरा गांधींचा काळा-पांढरा फोटो, खाली लाल अक्षरं. मजकूर थोडक्यात असा: १९७४ मध्ये महागाई तीस टक्क्यांवर गेली होती, कारखाने थंडावले होते, संपांनी देश वेठीला धरला होता. मग बाईंनी आणीबाणी लावली, साठेबाज आत टाकले आणि वर्षभरात महागाई शून्याच्या खाली गेली. कामगार खूश, गाड्या वेळेवर, दुकानात माल. आजही मंदी आणि महागाई जोडीने आल्या आहेत, तेव्हा असाच दंडुका हवा. शेवटी नेहमीचं शेपूट, ‘हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, पुढे पाठवा.’

आमच्या मामांनी पुढे पाठवली. मामा इथल्याच, सोलापूरच्या एका मिलमध्ये साच्यावर होते, तेव्हा विशीतले. ज्या वर्षाचं एवढं कौतुक चाललंय, त्याच वर्षी त्यांच्या दिवाळीच्या बोनसला कात्री लागली होती. तेच मामा ‘शंभर टक्के खरं’ असं वर लिहून घरच्या ग्रुपवर टाकतात, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी माझी भाची त्याला अंगठा देते! उद्या ती पेपरातही हेच लिहून येईल. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर असल्या पोस्टी मी उघडतही नाही.

आधी तारखा बघू, कारण सगळा डोलारा तिथेच कोसळतो. आणीबाणी लागली २५ जून १९७५ च्या रात्री. घाऊक महागाईने तीसचा आकडा ओलांडला होता हे खरं, पण ते शिखर होतं सप्टेंबर १९७४ चं. तिथून घाऊक भावांचा निर्देशांक खाली वळला तो आणीबाणीच्या नऊ महिने आधी. हे कुणा विरोधकाचं म्हणणं नाही. १९७५ च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पाआधी इंदिरा गांधींच्याच सरकारने संसदेपुढे आर्थिक सर्वेक्षण ठेवलं, त्यात सप्टेंबरनंतर भाव उतरणीला लागल्याची नोंद आहे. तेव्हा सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण तुरुंगाबाहेर होते, वर्तमानपत्रं मोकळी होती, संसदेत विरोधक बाकं वाजवत होते. या सगळ्यासकट भाव उतरत होते. हा एक कागद वाचला की त्या पोस्टमध्ये फोटोशिवाय फारसं काही उरत नाही.

मग भाव वळवले कशाने? उत्तर कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी त्याची पोस्ट करत नाही. जुलै १९७४ मध्ये सरकारने एकामागून एक वटहुकूम काढले. नोकरदारांची आणि कामगारांची जी काही पगारवाढ होईल ती सगळी, आणि महागाई भत्त्यात जी वाढ होईल तिच्यातली निम्मी, सक्तीने ठेव म्हणून कापून घ्यायची. वर्षाला १५,००० रुपयांच्या वर उत्पन्न असलेल्या करदात्यांनाही सक्तीची ठेव. कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँक रेट, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर नेला. बाजारात फिरणारा पैसाच आवळला. तेव्हा अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. ऑक्टोबरात ते खातं सी. सुब्रमण्यम यांच्याकडे गेलं आणि उतरत्या भावाचं श्रेय बहुतेक जण त्यांना देतात, ते सोडा. सांगायचा मुद्दा, बाईंना श्रेय द्यायचंच असेल तर ते जुलै १९७४ चं द्या. निर्णय कठोर होते आणि त्यांचा चटका पगारदाराला बसला. ठेव पाच हप्त्यांत व्याजासह परत मिळणार होती, पण किराणा दुकानदार पाच हप्त्यांसाठी थांबत नाही. तरीही ते निर्णय घ्यायला कुणाला तुरुंगात टाकावं लागलं नाही, आणि त्यांचा परिणाम आकड्यांत दिसतो. (कुणी म्हणेल की बांगलादेश युद्धाच्या वेळची आणीबाणी १९७१ पासून कागदोपत्री चालूच होती. होती की. ती चालू असतानाच महागाई तीसवर गेली. दंडुक्यानेच भाव उतरत असते तर तेव्हा काय झालं होतं?)

दुसरी गोष्ट पाऊस. महागाई मुळात आली कुठून हे त्या पोस्टमध्ये नाही, आणि सोलापूरच्या माणसाने ते विसरावं याचं मला नवल वाटतं. १९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्याने अंगावर झेलला आहे. खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर अख्खी गावं जात होती. मालदांडी ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांनी रेशनची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्याआधी बांगलादेशातून आलेले कोटभर निर्वासित आणि युद्धाचा खर्च, त्यानंतर अरब-इस्रायल युद्ध. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं कच्च्या तेलाचं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत अकरा डॉलरच्या वर गेलं. १९७४-७५ मध्येही पावसाने दगा दिला आणि देशाचं धान्योत्पादन दहा कोटी टनांच्या आतच राहिलं. पुढच्या वर्षी, १९७५-७६ मध्ये, पाऊस मनासारखा झाला आणि तेच उत्पादन १२ कोटी १० लाख टनांवर गेलं. शिवाय १९७५ मध्ये परदेशातून सत्तर लाख टनांहून जास्त धान्य आणलं. एवढा माल बाजारात आल्यावर भाव उतरणार नाहीत तर काय होणार? मृगाच्या पावसाला मिसा, म्हणजे विनाचौकशी तुरुंगात टाकायचा कायदा, लावलेला नव्हता.

आता ‘शून्याच्या खाली’ हे प्रकरण. आकडा खरा आहे. १९७५-७६ ची सरासरी घाऊक महागाई उणे १.१ टक्के होती. मामींनाही आठवतं की त्या वर्षी शेंगतेल स्वस्त झालं होतं, आणि ते खरं आहे. हे मान्य करायला मला जिवावर येतं, पण करतो. फक्त आधीची दोन वर्षं शेजारी मांडून बघा. १९७३-७४ मध्ये २० टक्के वाढ, १९७४-७५ मध्ये २५ टक्के. म्हणजे शंभर रुपयांची वस्तू दीडशेला गेली आणि मग एकशे एकोणपन्नासच्या आत-बाहेर आली. पोस्टवाल्याच्या मते हा चमत्कार आहे.

पण मला खरी चीड आली ती ‘कामगार खूश’ या दोन शब्दांची.

लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, मिलचा भोंगा तेव्हा या गावात वाजत होता. कामगाराचं वर्ष दिवाळीच्या बोनसवर टेकलेलं असायचं. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के होता, म्हणजे सरळ हिशेबाने एक पगार. सप्टेंबर १९७५ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, वटहुकूम निघाला आणि तो किमान बोनस ४ टक्क्यांवर आला. समजा महिना तीनशे रुपये पगार आहे. आधी वर्षाचे तीनशे मिळायचे, आता मालकाने एकशे चव्वेचाळीस हातावर ठेवले तरी कायदा पाळला गेला. मामींना विचारा. बोनसचा दिवस म्हणजे किराणा दुकानाच्या वहीवर रेघ मारायचा दिवस. त्या दिवाळीला रेघ मारली गेली नाही. उधारी पुढच्या वर्षीच्या पानावर गेली आणि घरात शेंगतेल स्वस्त झाल्याचा आनंद तिथेच संपला. मामा हे विसरलेत. वही मामी सांभाळायच्या, त्या विसरलेल्या नाहीत.

त्यात महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला. कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी लेबर ब्युरो ज्या गावांत भाव टिपतो त्यांत सोलापूर तेव्हाही होतं, आजही आहे. निर्देशांक खाली आला की भत्ताही खाली. आधीच्या वाढीव भत्त्यातला निम्मा ठेवीत अडकलेला, वरून बोनस निम्म्याहून कमी. कुरकुर करायची तर युनियनचे पुढारी आत किंवा गप्प. यालाच पोस्टवाला ‘औद्योगिक शांतता’ म्हणतो. संप कमी झाले हे अगदी खरं. मे १९७४ चा रेल्वे संप वीस दिवस चालला होता, तसं काही १९७६ मध्ये होणं शक्यच नव्हतं. पण त्याच १९७६ मध्ये देशात जे मनुष्यदिवस बुडाले, त्यांतले संपापेक्षा मालकांच्या टाळेबंदीने जास्त बुडाले. म्हणजे शिस्त होती ती एकाच बाजूला. तो किमान बोनस पुन्हा ८.३३ वर आला १९७७ मध्ये, सरकार पडल्यावर.

साठेबाजांना आत टाकलं म्हणून धान्य बाहेर आलं, हा पोस्टचा लाडका मुद्दा. काही व्यापारी घाबरले, दुकानांवर भावाचे फलक लागले, थोडा दडवलेला माल बाहेर आला. एवढं मान्य. पण तस्करांची धरपकड १९७४ च्या सप्टेंबरात सुरू झाली होती, तस्करांना अटकेत ठेवायचा कॉफेपोसा कायदा डिसेंबर १९७४ चा आहे. तेही आणीबाणीच्या आधीचं. आणि व्यापाऱ्यावर दंडुका उगारायचा प्रयोग बाईंनी आणखी आधी करून पाहिला होता. एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने स्वतःकडे घेतला. बाजारात गहूच येईना. ८१ लाख टन खरेदी करायचे होते, हाती आले निम्म्याच्या जरा वर. मार्च १९७४ मध्ये तो निर्णय मुकाट्याने मागे घेतला. नेत्या त्याच, दंडुका तोच. फरक एवढाच की १९७३ मध्ये शिवारात माल नव्हता आणि १९७५ मध्ये होता. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव ज्याने एकदा तरी उभा राहून पाहिलाय, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आवक किती गाड्यांची, यावर भाव ठरतो.

गाड्या वेळेवर धावत होत्या म्हणे. धावल्या असतील. त्याने ज्वारी स्वस्त होत नाही.

‘आजही असाच दंडुका हवा’ हे वाक्य सोलापुरात बसून पुढे पाठवणं तर कमाल आहे. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लावला होता आणि जानेवारी १९३१ मध्ये इथली चार माणसं फासावर गेली. त्यांचे पुतळे असलेल्या चौकातून मामा रोज फिरायला जातात. आणि आज दंडुका नक्की कुणावर उगारायचा? चादरीला आणि टॉवेलला गिऱ्हाईक नाही म्हणून यंत्रमाग एका पाळीवर आणणाऱ्या कारखानदारावर, सुताचा भाव वाढवणाऱ्यावर, की हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईवर? आजच्या सरकारने काय करावं, यावर आपलं भांडण होऊ शकतं. व्याजदर, इंधनावरचा कर, निर्यातबंदी, प्रत्येकावर होऊ शकतं. पण ते या गोष्टींवर व्हावं.

आणि आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षाबद्दल त्या पोस्टमध्ये एक अक्षर नाही. मार्च १९७६ ते मार्च १९७७ या बारा महिन्यांत घाऊक भाव पुन्हा १२ टक्क्यांच्या आसपास वाढले. पाऊस ओढला, धान्य ११ कोटी १० लाख टनांवर घसरलं, भुईमुगाचं पीक कमी आलं आणि तेल भडकलं. कापूसही भडकला, म्हणजे सूत महागलं, म्हणजे झळ थेट आपल्या गावातल्या मागांपर्यंत आली. त्या काळात मिसा होता, सेन्सॉर होता, संप बंद होते, साठेबाज आत होते, गाड्याही बहुधा वेळेवर असतील. १९७५ चे भाव दंडुक्याने उतरले असतील, तर १९७६ मध्ये तोच दंडुका हातात असताना शेंगतेल का चढलं? मामा, पोस्ट ज्याने बनवली त्याला एवढं विचारा, आणि काय उत्तर येतं ते ग्रुपवर टाका.