चादर संपायला उरली १४ मिनिटे ३७ सेकंद

आपण सोलापुरी चादरींचे ऑनलाइन दुकान थाटले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. दुःखाची गोष्ट अशी की लोक येतात, रंग पाहतात, सिंगल घ्यावी की डबल यावर घरात खल करतात, चादर कार्टमध्ये टाकतात आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून जे उठतात ते परत येतच नाहीत. याचे फार वाईट वाटून घेऊ नये. डेन्मार्कमधील बेमार्ड इन्स्टिट्यूट या विषयावरचे निरनिराळे अभ्यास एकत्र करून सरासरी काढत असते आणि ती सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे कार्ट भरणाऱ्या दहा जणांपैकी सात जण पैसे न भरताच निघून जातात. पेठेतल्या दुकानात दहापैकी सात गिऱ्हाइके गल्ल्यापर्यंत येऊन, माल तिथेच ठेवून निघून जाऊ लागली असती तर दुकानदाराने दारावर लिंबू-मिरची टांगली असती. ऑनलाइन दुकानदार त्याऐवजी टायमर टांगतो.

लोक कार्ट का सोडतात, हेही याच संस्थेने विचारून ठेवले आहे. उत्तरे निराशाजनक म्हणावीत इतकी साधी आहेत: शेवटच्या पानावर अचानक उगवणारा डिलिव्हरीचा खर्च, खाते उघडण्याची सक्ती, माल उशिरा पोहोचणे, कार्डाचा क्रमांक देण्याइतका विश्वास न वाटणे. ही यादी वाचून काही भोळे दुकानदार डिलिव्हरीचे ८० रुपये चादरीच्या किमतीशेजारीच लिहून टाकतात. आपण तसे मुळीच करू नये. ते ८० रुपये पत्ता, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक भरून झाल्यावरच दाखवावेत आणि ते पाहून ग्राहकाचा हात थबकला की त्याच पानावर लाल अंकांचे घड्याळ सुरू करावे. खर्च कमी करायला कुरियरवाल्याशी वाद घालावा लागतो, विश्वास मिळवायला काही वर्षे जातात. घड्याळ मात्र दुपारच्या चहाच्या आत बसवून होते.

आता मुदत किती ठेवावी? १५ मिनिटे ठेवू नयेत, कारण पूर्णांक माणसाने ठरवल्यासारखा दिसतो. १४ मिनिटे ३७ सेकंद म्हटले की ग्राहकाला वाटते, कुठे तरी गोदामात खरोखरच काही तरी घडते आहे. चादरीला नेमके काय घडणार, हा प्रश्न त्याला पडू देऊ नये. हापूसचा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो आणि रेल्वेचे तत्काळ आरक्षण वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला, इतरांसाठी अकराला उघडून पाहता पाहता भरते; तिथल्या घाईला कारण असते, म्हणून तिथे सजावटीची गरज नसते. सोलापुरी चादर आंब्यासारखी नासत नाही. ती आजीच्या लग्नातली असली तरी नातवाच्या अंगावर टिकते. घाईचे कारण वस्तूत नसल्यामुळे ते पडद्यावर तयार करणे, हेच तर आपले कौशल्य.

मुदत संपल्यावर काय करायचे, याची चिंता नसावी. मुदत संपली की ती पुन्हा सुरू करायची. या व्यवसायात अशा घड्याळाला ‘एव्हरग्रीन टायमर’ म्हणतात. दुकानाच्या पानाला ते जोडून देणारी तयार ॲप्स मिळतात आणि ते प्रत्येक ग्राहकासाठी त्याच्या आगमनाच्या क्षणापासून स्वतंत्रपणे चालते. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये एक छोटीशी नोंद ठेवली जाते. ती पुसली, किंवा ग्राहकाने खाजगी विंडो उघडली, की काळ पुन्हा १४ मिनिटे ३७ सेकंदांवर येऊन उभा राहतो. पूर्वी लग्नघरात पाण्यावर तरंगणारे, बुडाला छिद्र असलेले घटिकापात्र असे. ते भरून बुडाले की २४ मिनिटांची एक घटिका झाली, आणि पुढची मोजायला कोणी तरी हात ओले करून ते बाहेर काढावे लागे. आपले पात्र स्वतःच वर येते, मुहूर्तही कधी टळत नाही.

हे सारे पाश्चात्त्यांकडून शिकावे लागले असे समजून कमीपणा मानण्याचे कारण नाही. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आमच्या किराणा दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या लटकते आहे आणि तिच्यातला उद्या अजून उजाडलेला नाही. मंगल कार्यालयात भरणाऱ्या हातमाग प्रदर्शनांचे ‘शेवटचे तीन दिवस’ तर आपण सर्वांनीच वर्षानुवर्षे अनुभवले आहेत. फरक इतकाच की त्या प्रदर्शनवाल्यांना निदान ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ असा नवा फलक रंगवून घ्यावा लागे. लोकांनी आग्रह केला होता की नाही हा भाग वेगळा, पण रंगाऱ्याला त्याचे पैसे मिळत. आपल्याकडे लोकाग्रह पान रिफ्रेश केल्याने आपोआप होतो.

घड्याळाच्या खाली ‘आत्ता २३ जण ही चादर पाहत आहेत’ अशी ओळही असावी. हा आकडा मोजण्याचे कष्ट घेऊ नयेत. २०१९ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ११ हजार खरेदी-संकेतस्थळे यंत्राकरवी चाळली आणि ग्राहकाला ढकलणाऱ्या किंवा फसवणाऱ्या रचनांची १,८१८ उदाहरणे गोळा केली. त्यांत शून्यावर पोहोचूनही सवलत जशीच्या तशी ठेवणारी घड्याळे होती, आणि गर्दीचे असे आकडेही होते की जे संकेतस्थळाच्या कोडमध्ये चक्क यादृच्छिक संख्या काढून तयार केले जात होते. फक्त वरची मर्यादा तारतम्याने ठरवावी. अमावास्येच्या रात्री तीन वाजता २३ जण एकच चादर न्याहाळत आहेत, हे वाचून ग्राहक खरेदी करण्याऐवजी देवाचे नाव घेण्याची शक्यता असते.

एक अडचण मात्र आपल्या देशाची म्हणून आहे. कार्डाने पैसे भरायचे तर ओटीपी लागतो, आणि तो ओटीपी कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही. घड्याळात दोन मिनिटे उरलेली असताना ग्राहक गच्चीवर जाऊन फोन उंच धरतो, मग जिन्यात येतो, आणि संदेश येईपर्यंत घड्याळ शून्यावर गेलेले असते. आता सगळे संपले या भावनेने तो नाइलाजाने बटण दाबतो, तर व्यवहार होतो, आणि तोही सवलतीच्या दरात. आपल्या घड्याळाचा पोकळपणा ज्या ग्राहकाने खरोखर पैसे भरले त्यालाच सर्वांत आधी कळतो, याला काही इलाज दिसत नाही.

दुसरा मार्ग कॅश ऑन डिलिव्हरीचा. इथे घड्याळाचा प्रभाव विलक्षण दिसतो, कारण पैसे आत्ता द्यायचे नसल्याने घाबरलेला ग्राहक पटकन ऑर्डर देऊन मोकळा होतो. महिनाअखेरीस सोडलेल्या कार्टचा आकडा खाली आलेला पाहून आपण पेढे वाटावेत. चार-पाच दिवसांनी चादर दारात पोहोचते, तोवर भीती ओसरलेली असते, घरात आधीच असलेल्या सहा चादरींची आठवण कोणी तरी करून दिलेली असते, आणि ग्राहक आतूनच ‘नको’ म्हणतो. अशा परत येणाऱ्या मालाला विक्रेते ‘आरटीओ’ म्हणतात. परिवहन कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, खर्चाच्या बाबतीत मात्र साम्य वाटू शकते. जाण्याचे भाडे आपले, येण्याचेही बहुधा आपलेच, आणि चादर सोलापूर–नागपूर–सोलापूर असा प्रवास करून गोदामात. तिथे कार्ट सोडली जात होती, इथे चादर सोडली गेली. पण आलेखात हा आकडा दुसऱ्या पानावर असतो आणि ते पान उघडण्याची आपल्यावर कोणी सक्ती केलेली नाही.

काही ग्राहक कालांतराने हुशार होतात. ते चादर कार्टमध्ये टाकून मुद्दाम निघून जातात, कारण दुसऱ्या दिवशी ‘आपली चादर आपली वाट पाहत आहे’ असा संदेश आणि त्यासोबत दहा टक्क्यांचे कूपन येणार, हे आपणच त्यांना शिकवलेले असते. तरीही ते आले नाहीत तर तिसऱ्या दिवशी पंधरा टक्के. पेठेत घासाघीस करायला निदान तोंड वाजवावे लागे. इथे ग्राहक गप्प बसून घासाघीस करतो.

राहता राहिला कायदा. ग्राहकाला असे गुंडाळणाऱ्या रचनांना एका ब्रिटिश डिझायनरने २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले, आणि आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत असे तेरा प्रकार नोंदवले असून खोट्या घाईला पहिले स्थान मिळाले आहे, ही आपल्या क्षेत्रासाठी अभिमानाचीच बाब. ‘फक्त दोन खोल्या उरल्या, आणखी तीस जण आत्ता पाहत आहेत’ असा नमुना सरकारनेच त्यात दिला आहे. खोल्यांच्या जागी चादरी घातल्या की मजकूर लिहिणाऱ्याचे पैसे वाचतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी हे प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते, पण आपली चादर सातशेची असल्यामुळे एवढ्या मोठ्या रकमांचा विचार करणे म्हणजे अंथरुणाबाहेर पाय पसरणे होईल.

जून २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने ई-कॉमर्स मंचांना सूचना केली की, आपल्या पानांवर असे प्रकार आहेत का याची तपासणी प्रत्येकाने स्वतःच करावी, आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. त्या सूचनेवर लाल अंक नव्हते, सेकंद पळत नव्हते, २३ जण ती वाचत असल्याचेही कुठे लिहिले नव्हते. त्यामुळे ती आपल्या नजरेतून सुटली असल्यास नवल नाही. आपण ते पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करून पाहिलेत, खाजगी विंडोतही उघडलेत, तरी मुदत संपल्याची तारीख काही हलली नाही.