"पण बॅग गाडीत ठेवलीच कशाला?"

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

आमच्या सोसायटीत बी विंगला एक मुलगा भाड्याने राहतो. आयटीत आहे, लातूरकडचा, साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भाडेकरूंना आत पार्किंग द्यायचं नाही असा आमच्याकडे ठराव आहे, त्यामुळे बिचारा गेटबाहेर रस्त्यावर गाडी लावतो. काल रात्री त्याच्या गाडीची मागची काच फोडून ऑफिसची बॅग नेली. लॅपटॉप, हार्ड डिस्क, चेकबुक, सगळं गेलं. सकाळी त्याने ग्रुपवर फोटो टाकून विचारलं की गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज बघायला मिळेल का. एवढंच विचारलं हो त्याने! आणि खाली उत्तरं काय, तर 'बॅग गाडीत ठेवलीच कशाला', 'लॅपटॉप कोणी गाडीत ठेवतं का', 'आजकालच्या मुलांना वस्तूची किंमतच नाही', आणि एका काकांनी 'यातून धडा घ्या' लिहून वर हात जोडलेत. दुपारपर्यंत ढीगभर मेसेज आले, पण फुटेजबद्दल चकार शब्द नाही.

मला हे सहनच होत नाही. कारण हेच सगळं माझ्या आईच्या वाट्याला आलेलं मी बघितलंय.

गेल्या वर्षी मामेबहिणीचं लग्न उरकून आम्ही कराडहून पुण्याला येत होतो. सातारा रस्त्यावर एका हॉटेलला चहा-मिसळीसाठी थांबलो, भरदुपारी, पार्किंगमध्ये माणसं होती, वॉचमन होता. बाहेर आलो तर मागच्या दाराला काचच नाही. काठाला चिकटून राहिलेले दोन-चार तुकडे, आणि सीटवर, मॅटवर, अगदी सीटबेल्टच्या बकलात सुद्धा खडीसाखरेसारखे काचेचे खडे. (दाराची काच टफन्ड असते, तिचे असेच बारीक खडे होतात. समोरची लॅमिनेटेड, ती तडकते पण जागेवर राहते. म्हणून हे लोक कायम बाजूची काच धरतात. गलोलीने छर्रा मारला की काम झालं, शेजारच्या गाडीत बसलेल्याला पण कळत नाही.) आईची पर्स गेली. पैसे फार नव्हते. ओटीतलं ब्लाऊजपीस, बीपीच्या गोळ्या, आधार कार्ड, घराची किल्ली, आणि एका छोट्या डबीत तिचं कानाचं मशीन. लग्नात बँडचा आवाज सहन होईना म्हणून काढून ठेवलं होतं तिने.

त्या चोराला ते मशीन काय आहे हे कळलंसुद्धा नसेल. दिली असेल डबी भिरकावून कुठल्यातरी ओढ्यात.

नवीन मशीन यायला वेळ लागला. परत कानाची तपासणी, परत कानाचं माप, परत सेटिंग. तोपर्यंत आई जेवताना आमच्या तोंडांकडे बघत बसायची, आम्ही हसलो की हसायची. आणि भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक, एकूणएक, हेच म्हणायचा, 'पण पर्स गाडीत ठेवलीच कशाला?' तिला ऐकू यायचं नाही, पण चेहऱ्यावरून कळायचं. नंतर नंतर तिने त्या दिवसाचा विषयच बंद केला. कोणी काढला की उठून आत जायची. चोरी दुसऱ्याने केली आणि मान खाली कोणी घातली, तर माझ्या आईने! पंचाहत्तरीची बाई!

म्हणून त्या मुलाचा मेसेज वाचून माझा हात थरथरायला लागला.

आता कोणीतरी म्हणेलच की ताई, पण वस्तू समोर ठेवू नये हे खरंच आहे ना. हो, आहे खरं. मान्य. पण ते चोरीच्या आधी सांगा, नंतर नाही.

आणि त्या दिवशी चौकीत काय झालं ते पण ऐका, कारण तोच प्रकार आज त्या मुलासोबत झालाय. आम्ही तिथून सरळ जवळच्या चौकीत गेलो. तिथे सांगितलं, हद्द आमची नाही. दुसरीकडे गेलो. तिथे चहा विचारला, छान बोलले, आणि मग म्हणाले, 'मॅडम, चोरीचं लिहिलं तर तुम्हालाच चकरा पडतील, त्यापेक्षा गहाळ म्हणून द्या, पाच मिनिटात शिक्का मिळेल, कार्ड काढायला तेवढा पुरतो.' नवरा दमलेला, आई मागे बाकावर शाल गुंडाळून बसलेली, मलाही क्षणभर वाटलं की द्यावं आणि जावं घरी. पण फुटलेली काच दारात उभी आणि मी लिहून देऊ की पर्स कुठेतरी पडली? नाही दिलं. बसून राहिले. रात्र झाली, पण एफआयआर घेऊन उठले.

हे सगळ्यांना माहीत पाहिजे म्हणून लिहितेय. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा जुना कायदा, गेलं, भारतीय न्याय संहिता आली. पूर्वीचं चोरीचं ३७९ कलम आता ३०३ झालं. आणि तक्रार कशी घ्यायची ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीचं सीआरपीसी) १७३ कलमात आहे. त्यात सरळ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार घ्यायची, तोच तो झिरो एफआयआर, मग ते ज्यांची हद्द आहे त्या ठाण्याकडे पाठवतील. मेल वगैरेवरून पण देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, हात जोडून मागायची गोष्टच नाही ती. घेतच नसतील तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना (एसपी) किंवा शहरात कमिशनर ऑफिसला लेखी पाठवायचं, पोच ठेवायची, तिथेही नाही झालं तर कोर्टात जाता येतं. दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाला न विचारता करू शकतात) खबर मिळाली की एफआयआर घ्यायलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ लाच सांगून ठेवलंय. एक मेख आहे, नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्र केलीये, तेव्हा काय काय गेलं आणि कितीचं गेलं ते नीट आठवून, बिलं असतील तर बिलांसकट लिहून द्या. घाबरलेला माणूस 'एक जुनी बॅग' एवढंच सांगून येतो आणि मग बसतो.

गहाळचा कागद आणि चोरीचा एफआयआर यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गहाळ म्हटलं की तपासच नाही, कोणी फुटेज मागायला जाणार नाही, त्या रस्त्यावर चोऱ्या होतात ही नोंदसुद्धा कुठे राहणार नाही. मग गस्त वाढणार कशी? कागदावर तर तिथे माणसं नुसती वस्तू हरवत फिरतायत! आणि फुटेज थांबत नाही हो कोणासाठी, काही दिवसांत त्याच्यावर दुसरं रेकॉर्ड होतं.

पोलिसांना माणसं कमी आहेत, बंदोबस्त असतो, हे मला दिसतं. त्या रात्री ज्या हवालदाराने शेवटी आमचं लिहून घेतलं त्यांनी आईला स्वतःच्या डब्यातली चपाती देऊ केली होती, ते मी विसरणार नाही. माझा राग त्यांच्यावर नाही. जो तो 'जाऊ द्या ना' म्हणतो त्याच्यावर आहे. नातेवाईक जाऊ द्या, सोसायटी जाऊ द्या, हॉटेलवाला तर पहिल्या मिनिटापासून बोर्डकडे बोट दाखवत होता, 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर लावावीत'.

त्या बोर्डाबद्दल पण सांगते. दिल्लीत १९९८ साली एका पंचतारांकित हॉटेलातून पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली. किल्ली व्हॅलेवाल्याकडे, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे दिलेली, पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' छापलेलं. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१९ मध्ये निकाल लागला की किल्ली ताब्यात घेतलीत म्हणजे गाडी सांभाळायची जबाबदारी तुमची, निष्काळजीपणा झाला तर तो छापील मजकूर दाखवून हात वर करता येणार नाहीत. आमच्या केसमध्ये किल्ली आमच्याकडेच होती, म्हणून तो निकाल आमच्यासाठी तसाच्या तसा लागू नाही, ठीक आहे. पण तुम्ही व्हॅलेला किल्ली देत असाल तर पावती जपून ठेवा आणि बोर्ड बघून गप्प बसू नका.

त्या मुलाला मी दुपारी चहाला बोलावलं. खाली मान घालून बसला होता, अगदी आईसारखा. म्हणाला, 'काकू, चूक माझीच आहे.' मी म्हटलं, अजिबात नाही, आधी खा काहीतरी. मग दोघांनी बसून कामं केली. ऑफिसच्या आयटीला फोन करून लॅपटॉप लांबूनच लॉक करायला सांगितला, मेलचे पासवर्ड बदलले, बँकेला फोन करून चेक थांबवले. फोन गेला असता तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करता आला असता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅगेत फ्लॅटची किल्ली होती आणि भाडेकरार पण, म्हणजे पत्ता आणि किल्ली एकाच माणसाच्या हातात! आजच्या आज कुलूप बदलून घेतलं. आमच्या वेळी हे माझ्या मोठ्या दिराला सुचलं होतं, आईच्या आधार कार्डावर पत्ता होता. मध्यरात्री कुलूपवाला शोधत फिरले होते ते.

गाडी त्याने सकाळीच झाडून पुसून ठेवायला घेतली होती, मी थांबवलं. आधी सगळीकडून फोटो, पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही. नंतर व्हॅक्युम मारताना दाराच्या आतली बाजू पण साफ करून घ्यायची, तिथे खडे पडलेले असतात आणि नवीन काच खालीवर करताना करकरतात. इन्शुरन्सवाल्यांना काच बदलायच्या आधी कळवायचं. काचेवर घसारा कापत नाहीत, पण पंधराशे सीसीच्या आतल्या गाडीला हजार रुपये आपल्या खिशातून जातातच आणि नो क्लेम बोनसवर (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पाणी पडू शकतं, जो वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. एका काचेसाठी क्लेम करायचा का, ते आधी विचारून घ्या. गाडीतल्या सामानाचं वेगळं कव्हर घेतलं नसेल तर लॅपटॉपचे पैसे त्यातून मिळत नाहीत. आणि नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा) असेल तर काचेचेही नाहीत, अख्खी गाडी गेली तरी नाहीत.

आता आधीचं सांगते, कारण कोणाच्या तरी कामाला येईल. सीट रिकामी दिसली पाहिजे. वस्तू झाकून ठेवली म्हणजे वाचली असं नाही, आईची पर्स शालीखाली होती आणि त्या माणसाने शालच बाजूला केली. २०१२ पासून काळ्या फिल्मला बंदी आहे, आतलं सगळं बाहेरून दिसतं. डिकीत ठेवायचं तर घरून निघतानाच ठेवा, पार्किंगला पोचून चार लोकांसमोर डिकी उघडून बॅग आत टाकली तर बघणारा बघतोच. चार्जरची वायरसुद्धा काढून ठेवा. मूळ आरसी गाडीत ठेवायची गरजच नाही, डिजिलॉकरमधली चालते. सिग्नलला कोणी काच ठोठावून 'ऑईल गळतंय', 'पैसे पडलेत तुमचे' म्हटलं तर उतरू नका, उतरलात तर चारी दारं लॉक करून उतरा, एक बोलतो तेवढ्यात दुसरा पलीकडच्या दारातून बॅग काढतो. ज्यांच्या गाड्या बटणस्टार्ट आहेत त्यांनी किल्ली घरात दाराजवळच्या खुंटीला अडकवू नका, तिचा सिग्नल बाहेरून वाढवून गाडी उघडतात, त्यासाठी सिग्नल अडवणारे पाऊच मिळतात. आणि साधं स्टिअरिंग लॉक लावा हो, जुनं वाटतं पण लांबून दिसतं, आणि चोराला वेळ घालवायला आवडत नाही.

एवढं सगळं केलं तरी काच फुटू शकते. ज्याला फोडायची तो फोडतो. आमच्या सोसायटीत आत दहा जागा रिकाम्या असतात आणि भाडेकरूच्या गाड्या अंधाऱ्या रस्त्यावर, तिथला दिवा गणपतीपासून बंद आहे, त्यावर कोणी ग्रुपवर लिहीत नाही. भाडं वेळेवर लागतं, मेंटेनन्स त्याच भाड्यातून भरतात, पण पार्किंग म्हटलं की तो बाहेरचा. राग येतो, खरंच राग येतो. तुमची मुलं पण बंगळूरला, हैदराबादला भाड्यानेच राहतात ना? त्यांची गाडी फुटली आणि तिकडच्या काकांनी असं लिहिलं तर चालेल?

आत्ता जरा शांत झालेय. आई आतून विचारतेय काय एवढं टाइप करतेस. नवीन मशीन लावून बसलीये, त्या मुलाला तिनेच दुपारी शिरा करून घातला. कोणी काही न सांगता त्याच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, 'माझी पण गेली होती रे.' त्या दिवसानंतर पहिल्यांदा ती आपणहून त्याबद्दल बोलली.

त्याला पण आज 'ऑनलाइन गहाळची तक्रार टाका' असंच सांगून परत पाठवलंय. उद्या सकाळी दहाला मी त्याच्यासोबत जातेय, लॅपटॉपचं बिल आणि फोटोंचे प्रिंट घेऊन. सोसायटीतलं कोणी येणार असेल तर गेटपाशी या, दोनापेक्षा चार माणसं असली की लिहून घेतात. आणि सेक्रेटरीसाहेब, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहितीये, रात्री एक ते पाचचं गेटचं फुटेज आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा. ज्यांच्या गाड्या काल रात्री त्या बाजूला होत्या आणि डॅशकॅम आहे, त्यांनी पण कार्ड काढून बघा, पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही रेकॉर्ड करणारा) चालू असेल तर काहीतरी आलं असेल. मला मेसेज करा, कितीही उशीर झाला तरी जागी आहे.