कॅलिपर लाल केले म्हणून गाडी लवकर थांबत नाही

गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या कॅलिपर रंगवण्याबद्दल एक मजकूर फिरतोय. (कॅलिपर म्हणजे चाकाआडचा ब्रेकचा चिमटा. त्यातला पिस्टन ब्रेक पॅडना चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो.) त्याचा सारांश असा: 'स्पोर्ट्स कारचे कॅलिपर घरीच रंगवा. सायलेन्सरला मारतात तो ६०० डिग्रीचा स्प्रे आणा. कॅलिपर होजपासून (ब्रेक ऑइलच्या नळीपासून) सोडवू नका, चाकं काढायचीही गरज नाही, स्पोकमधून मारा. तासाभरात काम फत्ते. लाल रंगाने ब्रेक थंड राहतात आणि गाडी आधी थांबते.' मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी स्प्रे विकतही घेतला होता, म्हणून हे लिहायला बसलो.

मी स्वतः घरी कॅलिपर रंगवतो, आणि ते काम मला आवडतं. बिडाचा कॅलिपर दोन पावसाळ्यांत तांबूस होतो आणि मोठ्या अलॉय व्हीलच्या आडून तो गंज डोळ्यांत खुपतो. रंगाने तो झाकला जातो, पुढचा गंजही लांबतो. रंगाचा फायदा एवढाच.

आता 'गाडी आधी थांबते' हे बघू. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की साधारण ५ लाख ८० हजार ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात नळाचं पावणेदोन लिटर पाणी आरामात उकळेल. ही उष्णता पॅड आणि डिस्क घासतात तिथे जन्मते. तिचा मोठा वाटा डिस्क शोषते आणि वाऱ्यावर सोडून देते. पुढच्या डिस्कच्या दोन पात्यांमध्ये हवेसाठी फटी ठेवलेल्या असतात त्या यासाठीच. कॅलिपरच्या वाट्याला पॅड आणि पिस्टनमधून झिरपेल तेवढंच येतं. त्याच्या पाठीवर कुठला रंग आहे याच्याशी डिस्कला देणंघेणं नाही. आणि जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, तर तुमचे ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा आधीच ताकदवान आहेत. मग थांबायचं अंतर टायर ठरवतो. चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावर शंभरवरून शून्यावर यायला साधारण ४० मीटर लागतात, कॅलिपर लाल असो की गुलाबी.

(काही जण म्हणतात, लाल नको, काळा मारा, काळा रंग उष्णता जास्त फेकतो. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात काळा आणि लाल वेगळे असतात. गरम कॅलिपर उष्णता फेकतो ती अवरक्त किरणांत, आणि तिथे हे दोन्ही रंग जवळपास सारखेच वागतात.)

हा समज आला कुठून, तेही उघड आहे. ब्रेक बनवणाऱ्या ब्रेंबो कंपनीचे लाल कॅलिपर आपण भारी गाड्यांवर पाहिले. ते चांगले होते ते चार-सहा पिस्टन, मोठी डिस्क आणि ताठ बांधणी यांमुळे, लाली तर वरून आली. पोर्शेमध्ये रंग ही खूणच असते: पिवळा म्हणजे सिरॅमिक डिस्क, पांढरा म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेली डिस्क. साध्या गाडीच्या एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरला पिवळा फासला तर तो एका पिस्टनचा पिवळा कॅलिपर होतो.

सगळ्यात फसवा मुद्दा ६०० डिग्रीचा. आकडा मोठा म्हणजे रंग चांगला, असं वाटणं साहजिक आहे. मीही त्यात फसलो होतो. पण पेडलचा दाब कॅलिपरपर्यंत नेणारं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. हवेतलं पाणी प्यायल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीचा कॅलिपर आतपर्यंत २०० च्या पुढे गेला, तर रंगाची काळजी करायची वेळ केव्हाच निघून गेली. ऑइल उकळून पेडल फरशीला टेकू लागलेलं असतं. आणि सायलेन्सरचा रंग सिलिकॉन रेझिनचा असतो. तो नीट पक्का व्हायला साधारण २०० अंशांची भट्टी लागते. सायलेन्सर स्वतःच ती देतो, कॅलिपर कधीच देत नाही. रंग वाळलेला दिसतो, पण कच्चाच राहतो. माझ्या पहिल्या लाल कॅलिपरवर सहा महिन्यांनी ब्लीडिंग करताना (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना) ऑइलचा एक ओघळ आला. पुसायला गेलो तर फडक्यावर रंग आणि खाली उघडं बीड. कॅलिपरसाठीच बनवलेला, दोन डब्यांतून मिसळून ब्रशने लावायचा रंग घ्या. तो ब्रेक ऑइललाही बऱ्यापैकी दाद देत नाही. स्प्रेच हवा असेल आणि तो दोन घटकांचा असेल, तर त्यात बहुधा आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. तोंडाला रुमाल किंवा साधा फिल्टरवाला मास्क बांधून भागत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो.

'चाकं काढायची गरज नाही' हे वाचून मात्र मी हात जोडले. स्पोकमधून मारलेला स्प्रे कॅलिपरपुरता थांबत नाही. डिस्कवर पडला तर थिनरने पुसता येतो. पॅडवर पडला तर पॅड खराब. गाइड पिनच्या (ज्यावर कॅलिपर सरकतो) आणि पिस्टनच्या रबरी बूटवर बसला तर रबर कडक होतं, चिरतं, मग पाणी आत आणि पिन जाम. ब्लीडर निपल रंगाने बुजतो. पॅड ज्या खाचांत सरकतो तिथे थर चढला तर पॅड अडकतो, डिस्कला चिकटून राहतो आणि एका बाजूने झिजतो. चाक काढलंत तरी चाक जिथे टेकतं तो हबचा सपाट तोंडवळा आणि कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट बसतात त्या जागा कोऱ्याच ठेवा. तिथला रंग दाबाखाली हळूहळू बसतो, आणि तुम्ही आवळलेला बोल्ट तेवढा सैल होतो.

म्हणून गाडी जॅकवर नाही, घोडीवर (पक्क्या स्टँडवर). चाक बाहेर. ब्रेकची धूळ हवेने फुंकायची नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून काढायची. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पुन्हा क्लीनर. त्यानंतर मास्किंग टेप, आणि तिथे कंजुषी नको. माझा अर्धा रविवार फक्त दोन पुढच्या कॅलिपरच्या साफसफाईत गेला, रंग लावायला वीस मिनिटं लागली. त्यात दोन हातांमधलं वाळवणं धरा, आणि पुण्याच्या जुलैत हे काम काढूच नका.

एक गोष्ट त्या मजकुरात बरोबर आहे: कॅलिपर होजपासून सोडवायची गरज नसते. जागेवरच नीट रंगवता येतो. ब्रॅकेटवरून उतरवलाच तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. पिस्टन आत ढकलला असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या) आवळा, पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

स्प्रे घेतलेल्या दोघांपैकी एकाने तो दुकानात परत केला. दुसऱ्याने वडिलांच्या जुन्या स्प्लेंडरचा गंजलेला सायलेन्सर घासून त्यावर मारला. तिथे तो पक्का बसलाय.