गाड्या हटवा, गाडे राहू द्या

सुट्टीला कोल्हापुरात आलो की ग्रुपवर तोच वाद चालू असतो, महाद्वार रोडवरचे फेरीवाले हटवा, अंबाबाईला जायला वाट राहिली नाही, आणि मग कुणीतरी मला टॅग करतंच, "तू सांग रे, तुमच्या जर्मनीत चालतं का असलं?"

चालतं की! मी राहतो त्या फ्रायबुर्गात मोठ्या चर्चच्या भोवतीच बाजार भरतो, रविवार सोडून रोज, उत्तरेच्या अंगाला आसपासचे शेतकरी, दक्षिणेला व्यापारी. हातभर सॉसेज एवढ्याशा पावात घालून देतात आणि आधी विचारतात, कांदा घालू का नको. चर्चच्या दाराशी भिंतीवर पावांचे आकार कोरलेत, १२७० आणि १३१७ सालचे, म्हणजे बेकरीवाल्यानं मापात मारलं का ते तिथंच लावून बघायचं. बाजार हलवला नाही, त्याला नियम लावला. हलवल्या त्या गाड्या, १९७०च्या दशकातच जुन्या गावातनं बाहेर.

परवा दिवसभर गावात पायीच फिरलो. सकाळी मिसळ (ब्रेडच्या स्लाइसबरोबरच, पाव मागितला की पुण्याचा समजतात), मग भवानी मंडप, कपिलतीर्थ मार्केट, चप्पल लाइन, संध्याकाळी खासबागला भेळ आणि रात्री गंगावेशला दूध कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध, ग्लासावर बोटभर फेस. असलं जर्मनीत नाही मिळत भावा.

महाद्वार रोडला मात्र अडकलो, पण कुणामुळं? बांगड्यावाल्या मावशींनी एक म्हातारं जोडपं येताना बघून आपलं फडकं स्वतःच आत ओढलं. आणि पुढं एक पांढरी गाडी मधोमध उभी, इंजिन चालू, ड्रायव्हर फोनवर, मॅडम साडी बघायला गेलेल्या. हॉर्न मात्र सगळ्यांचे मावशींना.

दुकानदारांचं म्हणणं खोटं नाही, दारातच कुणी बांबू रोवला तर गिऱ्हाईक आत येणार कसं, ॲम्ब्युलन्स जाणार कशी. पण २०१४चा फेरीवाला कायदा सांगतो की आधी सर्व्हे करा, सर्टिफिकेट द्या, तोवर उठवू नका. पट्टे मारा, जागा ठरवा, पट्ट्याबाहेर आला तर दंड करा, कोण नको म्हणतंय.

हे ग्रुपवर टाकल्यावर एका काकांचा लगेच प्रश्न, मग आम्ही गाडी लावायची कुठं? लावा की बिंदू चौकात, तिथनं देवळापर्यंत गप्पा मारत गेलं तरी कितीसा वेळ लागतोय काका.