पायाच नाही, मग परवाना कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कंटेनर-घरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "ना पाया, ना वीट, ना सिमेंट. क्रेननं ठेवायचं, क्रेननं उचलायचं. ह्याला कसला बांधकाम परवाना? आमच्या ग्रामपंचायतीनं घरफाळा लावून पावतीसुद्धा दिली. तुम्ही उगाच शेतकऱ्यांना घाबरवताय." असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पायाचं बघू. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार परवानगी लागते ती 'विकासा'ला, आणि नुसतं बांधणं म्हणजेच विकास असं नाही. जमिनीच्या वापरात मोठा बदल करणं हाही विकासच. काल ऊस होता तिथं आज माणसं राहायला लागली, की परवान्याचा प्रश्न सुरू. मग इमारत कशाला म्हणायचं? महापालिका अधिनियम 1949 चा आहे. त्यातल्या इमारतीच्या व्याख्येत दगड-विटांबरोबर लाकूड, माती आणि धातूही आहे, वर 'इतर कोणतेही साहित्य' असं शेपूटही जोडलंय. कंटेनर तेव्हा कुणाच्या डोळ्यासमोर नसणार, पण पत्र्याची खोकी होतीच की! पुढं मुंबई महापालिका विरुद्ध इंडियन ऑईल या खटल्यात जमिनीवर नुसत्या स्वतःच्या वजनानं टेकलेल्या तेलाच्या टाक्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. टाक्या जमिनीत गाडलेल्या नाहीत, हा बचाव चालला नाही. तो खटला मालमत्ता कराचा होता हे खरं, पण 'उचलता येतं' एवढ्यावर सुटका होत नाही हे त्यातून कळतं.

आरटीओकडे नोंद असलेली, स्वतःच्या चाकांवर धावणारी कॅराव्हॅन ही वेगळी गोष्ट. ती वाहन आहे आणि तिच्यासाठी राज्याचं 2021 चं पर्यटन धोरण आहे. शिरोलीहून ट्रेलरवर आणून रानात टेकवलेल्या खोलीला ते लागू होत नाही, मग खाली शोभेची चाकं लावा नाहीतर नका लावू.

आता घरफाळ्याची पावती. कर भरला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, हा आपल्याकडचा जुना गोड गैरसमज. महापालिका हद्दीत तर कलम 267अ खाली अनधिकृत बांधकामावर शास्ती (दंड) बसते आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हेही तिथंच लिहिलंय. शिवाय तुमचं गाव कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या 42 गावांत असेल (2017 पासून), तर गावठाणाबाहेरच्या परवान्यासाठी प्राधिकरणाचं दार वाजवावं लागतं. ग्रामसेवक तोंडी 'टाका बिनधास्त' म्हणाले असतील, पण उद्या नोटीस आली तर ती त्यांच्या नावानं येणार नाही.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती पंचगंगेची. तुम्ही जो फायदा सांगता, पाया नसण्याचा, तोच पूरपट्ट्यात जिवावर बेततो. हिशेबच करा. रिकामा 20 फुटी कंटेनर सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. प्लाय, पलंग, ओटा, टाकी धरून चार टन म्हणा. तळ सुमारे 15 चौरस मीटर. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर असलं घर 27 सेंटिमीटर पाण्यात तरंगायला लागतं. फूटभरसुद्धा नाही! फटींतून पाणी आत शिरून ते खाली बसेलही, पण तोवर ते ठोकळ्यांवरून सरकलेलं असतं, वायर ताणून तुटलेली असते आणि सेप्टिक टाकीचा पाइप उखडलेला असतो. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. चिखली-आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावांकडच्या माणसाला हे मी सांगायला नको. नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात: नदीजवळची निळी आणि तिच्या पलीकडची लाल. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निर्बंध आहेत, ते ह्याच्यासाठीच. परवाना मागायला गेलं की निदान नकाशा तरी बघितला जातो.

तुमचं एक म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटतं. रात्रीची लाईट, रात्री पाणी पाजायचं, त्यासाठी मोटरीजवळ टेकायला एक खोली हवी, तर शेतकऱ्यानं आर्किटेक्ट गाठायचा का? जमीन महसूल संहितेत शेतघराची सोय आहे: अवजारं, वैरण, जनावरं, आणि जमीनधारकाच्या कुटुंबाचं किंवा गड्याचं राहणं. मात्र त्यालाही क्षेत्राच्या आणि शहराजवळच्या हद्दीच्या अटी आहेत. शेतघराच्या आडून शनिवार-रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायची खोली ठेवली, तर ते शेतघर राहत नाही. तुमच्या प्रतिक्रियेतला 'वीकेंडला चार पैसे मिळतात' हा उल्लेख वाचूनच मी एवढं लिहायला बसलो.

आणि हो, साईट ऑफिससारख्या तात्पुरत्या केबिनला ठरावीक मुदतीची परवानगी मिळते. ती वेगळी मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

तुम्ही दुसरा कंटेनर बुक करणार आहात, असंही लिहिलंय. त्याआधी गट नंबर घेऊन झोन दाखला (जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते त्याचा) काढा आणि पाटबंधारे विभागाच्या नकाशावर पूररेषा तपासा. क्रेनवाल्याचा ॲडव्हान्स नंतर द्या.